बी विंगचा फळा आणि माझा लाल खडू

मीरा-भाईंदर शहरातील तमाम नागरिकांस, विशेषतः आमच्या सोसायटीच्या बी विंगमधील रहिवाशांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, खाली सही करणारी बाई घाबरट आहे. ही गोष्ट आजवर दडवून ठेवण्यात आली होती. बाई पालीला चपलेने मारते, स्टेशनला यायला नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्याच्या रिक्षात तो निघेपर्यंत बसून राहते, आणि लिफ्ट बंद असली तर दहा किलो गहू घेऊन सहा मजले चढते. तरीही गेल्या वर्षी एका वस्तूला ती इतकी घाबरली होती, की तिच्या हातून भर लॉबीत एक गुन्हा घडला. ती वस्तू म्हणजे वहीचं एक कोरं पान. हुकमावरून.

झालं असं. आम्हाला दोन मुली, थोरली अकराची आणि धाकटी आठची. दोघी शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. हे वाक्य मी आता सहज लिहिलं, पण तेव्हा लिफ्टमध्ये कुणी "बेटी कौन से स्कूल में है?" असं विचारलं की मला खोकला यायचा. सकाळी सात वाजता गेटपाशी शाळेच्या बसेस लागायच्या, त्या वेळात मी मुलींना बाल्कनीत उभं राहू द्यायचे नाही. जणू आम्ही घरात दोन मगरी पाळल्या होत्या.

थोरलीने शाळेत असताना 'माझी आई' हा निबंध लिहिला होता. माझी आई पोळ्या लाटताना फोनवर बोलते, हसता हसता एक पोळी जाळते आणि ती बाबांच्या डब्यात सगळ्यात खाली ठेवते, असं त्यात होतं. सगळं खरं होतं. निबंध परत आला तेव्हा पानावर निळ्यापेक्षा लाल जास्त होतं. बाईंनी तो वर्गातल्या फळ्याशेजारी टाचण्यांनी लावला, कसं लिहू नये याचा नमुना म्हणून. पंधरा दिवस तो तिथे होता आणि पोर रोज त्याच्यासमोर बसत होती. त्यानंतर तिने लिहिणं सोडलं. गणितं सोडवायची, नकाशे भरायची, गाळलेल्या जागा भरायची. स्वतःच्या मनाचं वाक्य लिहायची वेळ आली की पेन्सिल कागदावर टेकवायची आणि तशीच धरून बसायची. मग रोज सकाळी साडेसहाला पोटात दुखायला लागलं. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली, आणि शेवटी आम्ही शाळा सोडवली. धाकटी म्हणाली, "मग मी एकटीनेच काय पाप केलंय?" न्यायाचा मुद्दा होता. तिलाही सोडवलं.

आता भाऊजी. माझे मोठे दीर रत्नागिरीकडे गावी असतात. सासरे लवकर गेले, माझ्या नवऱ्याला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, उभं केलं. जन्मभर शिक्षक होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असतात, चष्मा आणि लाल पेन. निवृत्त झाल्यावर घड्याळ सुटलं, छत्री हरवली, पण लाल पेन गेलं नाही. आमच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा त्यांनी ती तपासली, आणि गावातल्या अर्ध्या पाहुण्यांना तपासलेलीच पत्रिका गेली. माणूस शिस्तीचा. अंघोळ झाल्याशिवाय चहाचा घोट घेणार नाही, मग प्रवासाहून पहाटे चारला का उतरेना.

त्यांचा फोन आला तो नवऱ्याने स्पीकरवर टाकला. एकट्याने ऐकण्याची त्याचीही हिंमत नव्हती.

"पोरीला घरी बसवलीत?"

"बसवली नाही भाऊजी, घरी शिकवतोय."

"काय शिकवताय?"

"सगळं."

"लिहिते काय?"

नवऱ्याने पंख्याकडे बघितलं.

"दोन महिन्यांनी मी येतोय. मला एक पान हवं. स्वतःच्या मनाचं, माझ्या डोळ्यांदेखत लिहिलेलं. लिहिलंन तर मी पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही. नाही लिहिलंन, तर जूनमध्ये पोर शाळेत. काय रे?"

"हो दादा," नवरा म्हणाला. वीस वर्षांच्या संसारात त्याने दादांना याहून लांब उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही.

थोरली दाराआड उभी होती. तिने विचारलं, "जूनमध्ये म्हणजे त्याच शाळेत?"

"छे गं," मी म्हटलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात इतका गार होता की ती दचकली.

खरी भीती कुठली होती ते सांगते. भाऊजींची नव्हती. भाऊजी बरोबर असतील याची होती. मी एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात चलनं फाडत असे. व्याकरणाशी माझा संबंध शाळा सुटली तेव्हा सुटला होता, आणि दोन्ही बाजूंनी सुटकेचा निःश्वास टाकला गेला होता. माझ्या हट्टापायी पोर लिहिण्यावाचून राहिली तर? मटार सोलता सोलता हा विचार यायचा आणि मी दाणे कचऱ्यात टाकून सालं भांड्यात ठेवायचे.

घाबरलेला माणूस काय करतो? अभ्यासक्रम शोधतो.

घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे मी विचारलं, व्याकरण आणि लेखनासाठी कुठलं चांगलं? एका मिनिटात नऊ उत्तरं आली आणि दहाव्या मिनिटाला दोन आया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. एक म्हणे आधी व्याकरण पक्कं करा, लेखन आपोआप येतं. दुसरी म्हणे आधी लिहू द्या, व्याकरण आपोआप येतं. दोन्हीकडे 'आपोआप' होतं, आणि आपोआप येण्यासाठी माझ्याकडे दोनच महिने होते.

मीरा रोडच्या एका ताईंनी त्यांच्या मुलाचा वापरून झालेला परदेशी संच दिला. खोकं इतकं जड, की रिक्षात ते सीटवर आणि मी अर्धी बाहेर. त्यात सहा पुस्तकं, आणि आईसाठी एक वेगळं जाड पुस्तक, ज्यात आईने काय बोलायचं ते शब्दशः लिहिलेलं. मुलांनी एकेक वाक्य घ्यायचं आणि मासळीसारखं कापायचं. हे डोकं, ही शेपूट, हे पर. वाक्यं सगळी बर्फातली. थोरलीने आठव्या दिवशी विचारलं, "आई, हा मुलगा रोज बर्फच का उपसतो? त्याला घरचे दुसरं काही सांगत नाहीत?" मी माझ्या पुस्तकात बघितलं. तिथे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तिथे लिहिलं होतं, आता मुलाकडे पाहून स्मित करा.

"आई, तू स्मित नाही केलंस," धाकटी म्हणाली. तिने माझं पुस्तक आधीच वाचून ठेवलं होतं.

मराठीचं काय, म्हणून केबिन रोडला पुस्तकांच्या दुकानात गेले.

"व्याकरण का अच्छा किताब दो."

"कौन सा बोर्ड, मॅडम?"

"बोर्ड नहीं है. घर का है."

"घर का बोर्ड?" दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग शिडी लावून वरच्या फळीवरून एक वीट काढली. "ये लो. पुलिस भरतीवाले यही ले जाते हैं. पीछे सब जवाब है."

पीछे सब जवाब है! माझ्या जिवाला इतका थंडावा दुसऱ्या कुठल्या वाक्याने मिळाला नव्हता. मी ते पुस्तक छातीशी धरून घरी आणलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात सकाळी बर्फ आणि दुपारी पोलीस भरती सुरू झाली. धाकटीला वाटलं शेवटी गणवेश मिळतो.

तरी धीर येईना. चौकला माझी एक मैत्रीण राहते. उत्तनच्या पुढचं कोळीवाड्याचं गाव, तिथलं तिचं जुनं ख्रिस्ती घर, नवरा जहाजावर, आणि तिघं पोरं घरीच शिकणारी. बस पकडून तिच्याकडे गेले. ती अंगणात बोंबील टांगत होती.

"तू व्याकरणाला काय वापरतेस?"

"काय न्हाय."

"मग लिहायला कसं शिकवतेस?"

"त्यांचा बाप जाजावर हाय ना. पोरं त्याला वही लिवतात. घरात काय झालं, बोटीवर काय झालं. तो सा महिन्यांनी येतो न् एका जागी बसून सगली वाचतो."

"आणि तपासतं कोण?"

ती बोंबील हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. "कोन तपासेल? मासली?"

ज्याच्या मागे उत्तरं नाहीत असल्या अभ्यासक्रमावर पोरीचं आयुष्य लावायचं? शिवाय माझा नवरा अंधेरीला नोकरीला. रोज साडेसातला घरी येतो आणि सोफ्यावर बसतो. त्याला वही लिहून काय कळवणार, की तू सोफ्यावर बसला आहेस? मी बोंबील घेऊन परत आले आणि वाटेत लाल पेनांचा डबा विकत घेतला.

दीड महिन्यात थोरली कापाकापीत पटाईत झाली. कुठलंही वाक्य टाका, ती अर्ध्या मिनिटात त्याची खांडोळी करून प्रत्येक तुकड्यावर नाव लिहायची. बरोबर, बरोबर, बरोबर. मी टिकमार्क करत सुटायचे आणि रोज थोडी जास्त घाबरायचे. कारण दर रविवारी मी म्हणायचे, "आज काय पाहिलंस त्यावर दोनच ओळी लिही," आणि ती पेन्सिल टेकवायची. वीस मिनिटं. एकदा तिने पेन्सिल उचलली तेव्हा कागदावर एक टिंब उरलं होतं. ते टिंब मी अजून विसरलेले नाही.

संध्याकाळी मात्र ती आनंदाने खाली खेळायला जायची. मला बरं वाटायचं. निदान पाय तरी चालतायत.

आमच्या बी विंगच्या लॉबीत लिफ्टशेजारी एक काळा फळा आहे. पाणी, लाइट, मीटिंग, सगळं त्यावर लागतं. महत्त्वाचं काही असेल तर कागद दारोदार फिरतो आणि प्रत्येकाने त्यावर फ्लॅट नंबर घालून 'वाचले' असं लिहायचं असतं. फळा सेक्रेटरी लिहितात. दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका, सगळे त्यांना शेठ म्हणतात. त्यांची नोटीस म्हणजे तार असायची. 'कल पानी नहीं. हुकम से.' पण गेले काही दिवस फळा बदलला होता. मोठमोठ्या अक्षरांत मराठी, आणि वरपासून खालपर्यंत भरलेला. लोक वाचत उभे राहायचे आणि लिफ्ट रिकामी वर जायची. एका संध्याकाळी नवरा हसत हसत घरात आला आणि बूट न काढता नोटीस पाठ म्हणून दाखवू लागला:

"सर्वांना कळवण्यात येते की उद्या वरची टाकी धुणार आहेत. टाकीत काय निघेल ते सांगता येत नाही. मागच्या वेळी एक चप्पल निघाली होती. ज्यांची असेल त्यांनी वॉचमनकाकांकडून घेऊन जावी, पण आपण सगळ्यांनी ते पाणी प्यायलो आहे हे त्यांनी लक्षात ठेवावे आणि जरा लाजावे."

मी हसले नाही. माझ्या डोक्यात तेव्हा लाल पेन उभंच असायचं. "काय हे मराठी!" मी म्हटलं. "शेठना कुणीतरी सांगायला हवं."

थोरली ताटात बघत होती. धाकटीला ठसका लागला, तिला पाणी दिलं.

भाऊजी शनिवारी सकाळी येणार होते. त्याच्या आधीचा मंगळवार. भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून मेथी घेऊन परतले, लिफ्ट वर होती, मी फळ्यासमोर उभी. ताजी नोटीस होती. त्यात काय लिहिलं होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी ती वाचली नाही. मी ती बघितली. आठ ओळींचं एक वाक्य, मध्ये कुठे श्वास घ्यायला जागा नाही, आणि 'मग' चार वेळा. वॉचमनच्या टेबलावर गणपतीतल्या रांगोळीतून उरलेले रंगीत खडू पडले होते. मी मेथी खाली ठेवली. लाल खडू उचलला. पहिलं वर्तुळ जरा भीत भीत काढलं. तिसऱ्यापासून हात मोकळा झाला. वर्तुळं काढली, रेघा ओढल्या, कडेला 'वाक्य फार लांब' असं लिहिलं आणि खाली, हे मला आज लिहितानाही नको वाटतंय, खाली 'पुन्हा लिहा' असं लिहिलं.

"मॅडम, ये क्या कर रही हो?" वॉचमनने विचारलं.

"ठीक कर रही हूँ, भैया."

"पर वो तो..."

"वो तो क्या?"

"कुछ नहीं," तो म्हणाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये तोंड खुपसून बसला.

मी मेथी घेऊन वर आले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला जरासुद्धा भीती वाटत नव्हती.

बुधवारी सकाळी सव्वानऊला माझ्या डोक्याला शॅम्पू लावलेला असताना नळाने एक उचकी दिली आणि तो गेला. बादली रिकामी. टब रिकामा. डोक्याला टॉवेल गुंडाळून मी तशीच दुसऱ्या मजल्यावर गेले आणि शेठची बेल दाबून धरली.

"काका, पानी बंद करना था तो नोटिस लगाना चाहिए ना!"

"लगाया था, भाभी."

"कहाँ? मैंने तो नहीं पढ़ा."

"पढ़ा नहीं?" शेठ मनापासून चकित झाले. "आपने तो मार्क दिया!"

टॉवेलमधून फेस कानामागे उतरायला लागला. मी म्हटलं, "वो तो मैंने आपका मराठी थोड़ा..."

"मेरा मराठी?" शेठनी उजवा हात वर केला. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. "तीन हफ्ते से ऐसा है. इससे मैं लिखूँगा? आपकी बड़ी बेबी लिखती है, भाभी. मैं एक लाइन बोलता हूँ, वो दस लिखती है. सब लोग बोलते हैं, शेठ, आपका मराठी तो एकदम फर्स्ट क्लास हो गया! मैं भी थँक्यू बोल देता हूँ." ते हसले, मग थांबले. "पण काल संध्याकाळी आली ने चॉक परत दिला. बोली, अंकल, अब किसी और को बोलो."

"आपने मुझे बताया क्यों नहीं?"

"कसम दिया था उसने. बोली, मम्मी को मत बताना, मम्मी चेक करेगी."

पुढचे दोन दिवस मी सगळ्यांना सांगत होते की डोळ्यांत शॅम्पू गेलाय.

स्वतःच्या मुलीचं अक्षर आईला ओळखता आलं नाही? नाही आलं. गेल्या दोन महिन्यांत मी तिचं अक्षर पाहिलं होतं ते तुकड्यांवर लिहिलेल्या नावांचं, बारीक, चिकटून बसलेलं. फळ्यावरचं अक्षर हात लांब करून, पायाच्या चवड्यांवर उभं राहून काढलेलं होतं. ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

वर आले तर थोरली टेबलाशी बसून बर्फाचं पुस्तक सोडवत होती. न सांगता. तीन दिवसांचे धडे एका सकाळी.

"सॉरी," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

"फळ्याबद्दल. मला माहीत नव्हतं की ते तू..."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि पान उलटलं.

रडली असती, ओरडली असती तर मी सावरले असते. पण ती व्यवस्थित होती. हाच व्यवस्थितपणा मी शाळेच्या शेवटच्या महिन्यांत पाहिला होता, पोट दुखायला लागायच्या आधी. बुधवारी फळा कोरा. गुरुवारी फळा कोरा. शनिवार दोन दिवसांवर. मी धाकटीला बाजूला घेऊन विचारलं, "तुला सगळं माहीत होतं?"

"मला रोज दोन चिंचगोळ्या मिळायच्या," ती म्हणाली. "आता त्यापण बंद झाल्या. तुझ्यामुळे."

नवऱ्याला सांगितलं. त्याच्या तोंडून न भूतो असं वाक्य आलं. "दादांना येऊ नका म्हणू का?" आम्ही दोघंही त्या वाक्याला इतके घाबरलो की लगेच चहा ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी मी खाली गेले. सगळे कामावरून परत येण्याची वेळ मुद्दाम निवडली. गुन्हा लॉबीत झाला होता, तर माफीही लॉबीतच व्हायला हवी. वॉचमनकडून पांढरा खडू घेतला, फळ्यापुढे उभी राहिले, खडू टेकवला.

आणि काहीच येईना. मागे लोक जमत होते. कुणीतरी पिशवी खाली ठेवली. चौथ्या मजल्यावरच्या आजी मोठ्याने म्हणाल्या, "काय लिहितेय ही?" जे लिहायचं होतं ते डोक्यात होतं, पण हातापर्यंत पोचताना प्रत्येक शब्द म्हणत होता, मी चुकीचा असेन. लिफ्ट दोनदा आली नि गेली. मी फळ्याकडे बघितलं तर तिथे एक पांढरं टिंब होतं.

ते टिंब मी काढलं होतं.

मग मी लिहिलं. जसं आलं तसं, न थांबता:

"सर्वांना कळवण्यात येते की मंगळवारी या फळ्यावर लाल खडूने खुणा करणाऱ्या बाईंना काही कळत नाही. त्यांनी नोटीस तपासली आणि वाचली नाही मग त्यांच्या डोक्यावर शॅम्पू तसाच राहिला मग त्या शेठवर ओरडल्या मग त्यांना कळलं. नोटीस चांगली होती. ज्यांनी ती लिहिली त्यांची या बाई सर्वांसमोर माफी मागतात. हुकमावरून, त्याच बाई."

मागे कुणीतरी हसलं. मी मागे न बघता जिन्याने वर आले. सहा मजले.

थोरली त्या संध्याकाळी खेळायला गेली नाही. शुक्रवारी गेली. परत आली तेव्हा काही बोलली नाही, जेवली, झोपली. मी कचऱ्याचं निमित्त काढून खाली गेले. माझी नोटीस तशीच होती. फक्त तिच्याखाली, चवड्यांवर उभं राहून काढलेल्या अक्षरात, आमचा फ्लॅट नंबर होता आणि पुढे एक शब्द. 'वाचले.'

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. पण 'वाचले' म्हणजे एक शब्द. भाऊजींना पान हवं होतं.

शनिवारी सकाळी आठला भाऊजींचा फोन आला, हायवेला उतरलो, रिक्षात बसलो. उठून बघते तर थोरली घरात नाही. टेबलावर मी कोरा कागद, दोन टोकदार पेन्सिली आणि खोडरबर मांडून ठेवलं होतं, देवापुढे ठेवतात तसं. ते तसंच. लिफ्ट येईना. मी, नवरा आणि धाकटी जिन्यावरून धावत खाली आलो.

लॉबीत पाच-सहा माणसं जमली होती. शेठ प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभे होते. थोरली प्लास्टिकच्या स्टुलावर चढून लिहीत होती, पाठमोरी, माझी माफी पुसून. फळा अर्ध्याच्या वर भरला होता, आणि शेठ म्हणत होते, "बेबी, मैंने इतना नहीं बोला था," आणि ती म्हणत होती, "थांबा ना अंकल!"

तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली.

भाऊजी आत आले. खांद्याला पिशवी, रात्रभरच्या एसटीची धूळ, डोळे तारवटलेले. नवरा पाया पडायला वाकला, पण भाऊजींचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते फळ्याकडे बघत होते. थोरलीने मान वळवली, काकांना पाहिलं आणि तिचा हात हवेतच राहिला. खडू थांबला. मला माहीत होतं आता काय होणार. भाऊजींचा हात खिशाकडे गेला. त्या खिशात काय असतं ते सबंध खानदानाला ठाऊक आहे. मी थोरलीच्या आणि त्यांच्या मध्ये जायला एक पाऊल टाकलं.

त्यांनी चष्मा काढला. तो लावून ते फळ्याच्या अगदी जवळ गेले आणि ओठ हलवत वाचू लागले:

"सर्वांना कळवण्यात येते की आज सकाळी साडेआठला पाणी जाणार आहे. प्लंबरकाका म्हणतात दुपारी येईल. मागच्या वेळीही ते दुपारी म्हणाले होते आणि पाणी दुसऱ्या दिवशी आलं, त्यामुळे दुपार कोणती ते विचारून घ्यावं. ज्यांनी डोक्याला काही लावलं आहे त्यांनी ते आधी धुवावं. ज्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत त्यांनी पाहुण्यांना घाबरत बसू नये, त्यांनाही बादल्या भरायला..."

तिथे वाक्य अर्धं राहिलं होतं. थोरली स्टुलावरच उभी होती. भाऊजींनी मनगटाकडे बघितलं, तिथे घड्याळ नव्हतं. मग वॉचमनच्या टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं. आठ वाजून सतरा मिनिटं. पुन्हा पहिल्या ओळीकडे बघितलं. आणि पिशवी नवऱ्याच्या अंगावर टाकून माझे शिस्तीचे दीर जिन्याकडे पळत सुटले. पहिल्या वळणावर थांबून खाली सगळ्या लॉबीवर ओरडले:

"अगो, साडेआठला पाणी जाणार नि मला इथे बिनअंघोळीचा उभा काय ठेवलायत? चुलीत गेली ती परीक्षा, आधी बादल्या भरा!"